तबकडीमागचा कान

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळात एक वाद चांगलाच रंगला. विषय साधा होता. ध्वनिमुद्रित संगीत हे खरे संगीत म्हणावे काय? एका मित्राचे म्हणणे असे की, मैफलीत समोर घडते तेवढेच खरे. तबकडीवर येते ते निवडलेले, कापलेले, जोडलेले. म्हणून ते नकली. यावर दुसऱ्याने विचारले, ‘‘मग आपल्या पिढीने कुमार गंधर्वांना ऐकलेच नाही असे समजायचे का?’’ कँटीनमधला चहा निवून गेला, तरी वाद काही मिटला नाही.

त्या दिवशी मी गप्प राहिले. गप्प राहण्याला एक खासगी कारण होते. ते लेखाच्या शेवटी सांगेन. पण त्या वादामुळे मी एका विशिष्ट माणसाच्या शोधाला लागले. हा माणूस तबकडीवर गात नाही, बहुधा वाजवतही नाही. वेष्टनाच्या मागील बाजूस अगदी खाली, बारीक अक्षरांत त्याचे नाव असते. आणि तरीही आपल्या कानांवर जे पडते त्यातले पुष्कळसे त्याने ठरवलेले असते. त्याला रेकॉर्ड प्रोड्यूसर म्हणतात. जॅझ आणि समकालीन पाश्चात्त्य संगीत यांच्या इतिहासात या माणसाने काय केले, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

निर्माता म्हणजे नेमका कोण?

‘प्रोड्यूसर’ या शब्दाला आपण ‘निर्माता’ म्हणतो आणि घोटाळा तेथेच सुरू होतो. चित्रपटाचा निर्माता म्हणजे पैसा उभा करणारा गृहस्थ, ही आपली समजूत पक्की आहे. ध्वनिमुद्रिकेचा निर्माता प्रसंगी पैसाही घालतो. पण त्याचे खरे काम निराळे. नाटकाच्या तालमीत दिग्दर्शक जे करतो आणि मासिकाच्या कचेरीत संपादक जे करतो, त्या दोहोंचे मिश्रण म्हणजे त्याचे काम. यंत्रे चालवणारा, ध्वनिक्षेपक लावणारा ध्वनिमुद्रक हा वेगळा. निर्माता त्याच्या शेजारी बसून ऐकत असतो.

त्याला चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला, कोणाला बोलवायचे आणि कोणाच्या जोडीला बसवायचे? दुसरा, कोठे वाजवायचे. खोली कोणती, वाद्य कोणते, ध्वनिक्षेपक किती अंतरावर? तिसरा, एकच चीज चार वेळा वाजवली असेल तर त्यांतली कोणती ठेवायची? आणि चौथा, ठेवलेल्या चिजांचा क्रम कसा लावायचा, मध्ये किती शांतता सोडायची आणि ते सारे कोणत्या वेष्टनात घालून श्रोत्यापुढे ठेवायचे?

हे प्रश्न जॅझमध्ये विशेष अवघड होतात. त्याचे कारण ख्यालगायन ऐकणाऱ्याला चटकन कळेल. ख्यालात बंदिश चार ओळींची असते. खरे गाणे तिच्या आधाराने गायक जे उपजवतो त्यात असते. जॅझमध्येही एक छोटी धून असते, तिच्याखाली स्वरसंवादांची ठरलेली साखळी असते, आणि त्या साखळीवरून प्रत्येक वादक पाळीपाळीने स्वतःचे काही तरी त्या क्षणी रचत जातो. म्हणून तीच चीज दुसऱ्यांदा वाजवली की ती दुसरीच होते. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याची एकाच चिजेची तीन-चार मुद्रणे ऐकावीत; प्रत्येकात नवा विचार सापडतो. मग कायमची म्हणून कोणती ठेवायची? हा निर्णय घेणारा कान निर्मात्याचा.

जॅझ म्हणजे कोणा परक्याची गोष्ट, असेही समजू नये. १९३० नंतरच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आफ्रिकन-अमेरिकन जॅझवादक वाजवत होते. त्यांच्या सहवासात गोव्याहून आलेले कितीतरी वादक तयार झाले. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे मूळचे आंतोनियो शावियेर वाझ, हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. पुढे याच गोमंतकीय वादकांनी हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. आपण नकळत जॅझ ऐकतच वाढलो आहोत.

तीन मिनिटांची चौकट

निर्मात्याचे काम समजण्यासाठी यंत्राची मर्यादा आधी समजली पाहिजे. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँड’ या गोऱ्या वादकांच्या संचाने जॅझची पहिली तबकडी मुद्रित केली. त्या वेळी ध्वनिक्षेपक नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहत आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढी. ज्याचा आवाज मोठा त्याला मागे उभे करायचे, ज्याचा लहान त्याला पुढे. लुई आर्मस्ट्राँगने १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या संचात पहिल्यांदा मुद्रण केले, तेव्हा त्याच्या कॉर्नेटचा नाद एवढा दणदणीत होता की त्याला इतरांपासून बराच लांब उभे करावे लागले, अशी आठवण सांगितली जाते. कोण कोठे उभा राहील हे ठरवणे, हे निर्मात्याच्या कामाचे पहिले रूप.

दुसरी मर्यादा वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. आपल्याकडे १९०२ साली फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हाही तोच पेच होता. तास तास चालणारा राग तीन मिनिटांत बसवायचा! आपल्या बुजुर्गांनी तो बसवला आणि त्यातून तबकडीचे म्हणून एक आटोपशीर गाणे जन्माला आले. जॅझचेही तसेच झाले. म्हणजे मर्यादेने संगीताला केवळ कापले नाही, त्याला घडवलेही.

१९२५ च्या सुमारास विजेचा ध्वनिक्षेपक आला. कुजबुजल्यासारखे गाणेही आता टिपता येऊ लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आली आणि १९४८ साली कोलंबिया कंपनीने दीर्घ वाजणारी तबकडी, म्हणजे एल्. पी., बाजारात आणली. एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. शिवाय फीत ही कात्रीने कापता येते आणि चिकटपट्टीने जोडता येते. या दोन गोष्टींनी निर्मात्याच्या हाती जेवढी सत्ता आली, तेवढी पूर्वी कधीच आली नव्हती.

तालमीचे पैसे देणारा माणूस

या सत्तेचा उपयोग वेगवेगळ्या निर्मात्यांनी वेगवेगळ्या रीतीने केला. पहिले उदाहरण आल्फ्रेड लायनचे. हा मूळचा बर्लिनचा. डिसेंबर १९३८ मध्ये जॉन हॅमंड या निर्मात्याने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कृष्णवर्णीय संगीताचा एक मोठा कार्यक्रम घडवून आणला. तो ऐकून लायन इतका भारावला की दोनच आठवड्यांत, जानेवारी १९३९ मध्ये, त्याने दोन पियानोवादकांना बोलावून स्वतः मुद्रण केले. ‘ब्लू नोट’ कंपनीची ही सुरुवात. त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ पुढे त्याला येऊन मिळाला. वुल्फने मुद्रणाच्या वेळी काढलेली छायाचित्रे आज त्या संगीताइतकीच मोलाची मानली जातात.

लायनला वाद्य वाजवता येत नव्हते. मग त्याने केले काय? त्याने वादकांना तालमीचे पैसे दिले. वाचताना ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु त्या काळी लहान कंपन्यांची रीत अशी होती की वादकांना सकाळी बोलवायचे, जे येईल ते वाजवून घ्यायचे आणि संध्याकाळपर्यंत तबकडी तयार. तालीम न झाल्यास वादक सवयीच्या चिजाच वाजवणार. तालमीला पैसा आणि वेळ मिळताच ते नव्या, अवघड रचना घेऊन येऊ लागले. ब्लू नोटच्या तबकड्यांत नव्या रचनांचे जे वैभव दिसते, त्याचे मूळ या साध्या हिशेबात आहे.

दुसरी गोष्ट जागेची. लायनचा ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर हा व्यवसायाने चष्म्यासाठी डोळे तपासणारा. न्यू जर्सीतील हॅकेनसॅक गावी आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात तो मुद्रण करी. १९५९ साली त्याने वेगळा स्टुडिओ बांधला. पण त्यापूर्वीच्या कितीतरी नामांकित तबकड्या एका घरातल्या बैठकीच्या खोलीत वाजल्या आहेत. ढोलांचा कडकडीतपणा, ट्रंपेटचा अगदी कानाशी आल्यासारखा नाद, ही त्या दोघांनी मिळून शोधलेली चव होती.

फीत कापणारा संगीतकार

दुसरे उदाहरण टिओ मॅसेरोचे. हा स्वतः सॅक्सोफोनवादक आणि शिकलेला संगीतरचनाकार. १९५७ साली तो कोलंबिया कंपनीत गेला आणि पुढे अनेक वर्षे ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा निर्माता राहिला. माझ्या मित्राचा ‘नकली’ हा आक्षेप खऱ्या अर्थाने लागू पडायचा तर तो मॅसेरोलाच.

१८ फेब्रुवारी १९६९ रोजी डेव्हिसने न्यूयॉर्कमध्ये ‘इन अ सायलेंट वे’ या तबकडीसाठी मुद्रण केले. तीन जण विजेवर चालणारी पेटीवजा वाद्ये घेऊन बसले होते, गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन होता. फितीवर पुष्कळ संगीत जमा झाले. पण त्याला घाट नव्हता. मॅसेरोने ते कापून थोडके केले आणि मग एक विलक्षण गोष्ट केली. दुसऱ्या बाजूच्या आरंभी जो संथ, चारेक मिनिटांचा भाग आहे, त्याची प्रत काढून त्याने ती शेवटी पुन्हा जोडली. वादकांनी तो भाग शेवटी वाजवलाच नव्हता! तरीही ऐकताना वाटते की संचाने मोठा प्रवास केला आणि शेवटी सारे शांतपणे घरी परतले. बंदिशीचा मुखडा घेऊन समेवर यावे, तसे.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तीन दिवस मुद्रण होऊन १९७० साली ‘बिचेस ब्रू’ ही दोन तबकड्यांची जोडी निघाली. तिच्यातील पहिल्याच चिजेत डझनाहून अधिक ठिकाणी फीत कापून जोडलेली आहे; काही लहान तुकडे तर पुन्हा पुन्हा येतात. जॅझच्या जुन्या रसिकांना हा अधर्म वाटला. परंतु २००१ साली ‘इन अ सायलेंट वे’च्या वेळची मूळ, न कापलेली मुद्रणे प्रसिद्ध झाली आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐकण्याची सोय झाली. मी ती ऐकली. मूळ मुद्रणात विचार करणारे वादक ऐकू येतात. तबकडीत तो विचार पूर्ण झालेला ऐकू येतो. दोन्ही खरे आहेत. मात्र दुसरे एकट्या डेव्हिसचे नाही, हे मान्य केले पाहिजे.

निर्मात्याच्या आणि यंत्राच्या हातून चुकाही होतात, आणि त्या चुकाच पिढ्यान्‌पिढ्या प्रमाण मानल्या जातात. डेव्हिसचीच १९५९ सालची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही जगभर ऐकली गेलेली तबकडी घ्या. पहिल्या दिवशी फीत टिपणारे मुख्य यंत्र किंचित हळू चालत होते; त्यामुळे योग्य वेगाने वाजवताच पहिल्या बाजूचे सूर थोडे चढे लागत. ही गोष्ट १९९२ साली लक्षात आली आणि नंतरच्या आवृत्त्यांत दुरुस्त झाली. तोपर्यंत तीसहून अधिक वर्षे असंख्य विद्यार्थी तबकडीबरोबर वाजवण्यासाठी आपले वाद्य त्या चढ्या सुराला जुळवत होते!

म्युनिकचा मौनप्रेमी

तिसरे उदाहरण मला सर्वांत जवळचे. मॅनफ्रेड आयखर हा १९४३ साली जर्मनीतील लिंडाऊ येथे जन्मला. बर्लिनला तो डबल बास, म्हणजे उभे राहून वाजवण्याचे भले मोठे तंतुवाद्य, शिकला. १९६९ साली त्याने म्युनिकमध्ये ‘ई. सी. एम्.’ ही लहानशी कंपनी काढली. नावाचा अर्थ ‘समकालीन संगीताची आवृत्ती’. ‘आवृत्ती’ हा शब्द पुस्तकांच्या जगातला आहे. एखादा ग्रंथ जितक्या निगुतीने संपादित व्हावा, तितक्या निगुतीने तबकडी निघावी, असा त्या नावामागचा भाव.

आयखर मॅसेरोसारखा कापाकापी करणारा नव्हे. त्याची रीत अशी की बहुधा दोन दिवस मुद्रण, एक दिवस आवाजांचा मेळ, आणि संपले. पुष्कळशी मुद्रणे ऑस्लोला यान एरिक कोंगसहाउग या ध्वनिमुद्रकाबरोबर झाली. त्यांत प्रत्येक वाद्याभोवती मोकळी हवा आहे असे वाटते. झांजेवर काठी टेकली की तिचा नाद विझेपर्यंत ऐकू येतो. त्याच्या पुष्कळ सीडींच्या आरंभी पाच सेकंद काहीच वाजत नाही. तानपुरे जुळल्यावर आणि षड्ज लागण्यापूर्वी मैफलीत जो क्षण असतो, त्याचीच ही मुद्रित जागा.

पण त्याच्या निर्णयशक्तीची कसोटी लागली ती २४ जानेवारी १९७५ च्या रात्री, जर्मनीतील कोलोन शहराच्या ऑपेरागृहात. पियानोवादक कीथ जॅरेट एकट्याने, काहीही न ठरवता, उत्स्फूर्त वादन करणार होता. अठरा वर्षांच्या एका मुलीने हा कार्यक्रम योजला होता. जॅरेट आणि आयखर लांबचा प्रवास मोटारीने करून आले होते, जॅरेटची पाठ दुखत होती आणि झोप झालेली नव्हती. रंगमंचावर पाहतात तो मागितलेला मोठा पियानो नाही. त्याच्या जागी एक लहान, बेसूर पियानो. त्याच्या वरच्या पट्ट्या पातळ वाजत, खालच्यांना गाज नव्हती आणि पायपट्ट्या नीट चालत नव्हत्या. जॅरेटने वाजवण्यास नकार दिला. त्या मुलीने विनवण्या केल्या, पियानो जुळवणाऱ्याने जमेल तेवढी दुरुस्ती केली, आणि आधीचा ऑपेरा आटोपल्यावर रात्री साडेअकराच्या सुमारास सुमारे १४०० श्रोत्यांपुढे जॅरेट बसला.

वाद्य असे असल्यामुळे तो मधल्या सप्तकातच अधिक खेळला. खालच्या पट्ट्या गाजत नाहीत म्हणून डाव्या हाताने एकेक आकृती पुन्हा पुन्हा, ठेका धरावा तशी, वाजवत राहिला. त्यातून जे संगीत उमटले त्याची दोन तबकड्यांची जोडी त्याच वर्षी ‘द क्योल्न कॉन्सर्ट’ या नावाने निघाली. तिच्या सुमारे चाळीस लाख प्रती खपल्याचे सांगतात. एकट्या पियानोच्या तबकड्यांत एवढा खप दुसऱ्या कोणत्याही तबकडीला मिळालेला नाही.

यात आयखरने काय केले, असे कोणी विचारील. वाजवले तर जॅरेटने! बरोबर. पण थोडा विचार करा. पियानो खराब आहे हे कळल्यावर मुद्रण रद्द करणे सर्वांत सोपे होते. ध्वनिमुद्रक मार्टिन वीलांट ध्वनिक्षेपक लावून तयार होता. ते तसेच राहू दिले गेले. नंतर दोघांनी स्टुडिओत बसून त्या फितीवरच्या नादावर मेहनत घेतली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सदोष वाद्यावरचे हे वादन जगापुढे ठेवण्यासारखे आहे, हे आयखरच्या कानाने ओळखले. वादनाच्या ओघात जॅरेट स्वतःशी गुणगुणतो, पाय आपटतो; ते आवाजही तबकडीत आहेत. नीटनेटकेपणाच्या हौसेपायी दुसऱ्या कोणी कदाचित ही फीत कपाटात टाकली असती.

पुढे आयखरने दोन जगे एकमेकांशेजारी आणून बसवली. एस्टोनियाचा रचनाकार आर्वो पेर्त याचे संगीत त्याने मोटार चालवताना रेडिओवर ऐकले आणि ते कोणाचे याचा शोध घेतला. त्यातून १९८४ साली ‘ताबुला रासा’ ही तबकडी आणि लिखित संगीतासाठी एक नवी मालिका सुरू झाली. १९९३ साली ऑस्ट्रियातील सेंट गेरोल्डच्या मठात त्याने जुने धार्मिक गायन गाणाऱ्या ‘हिलियर्ड आँसांब्ल’च्या चार गायकांबरोबर नॉर्वेचा सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक याला उभे केले. चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची रचना आणि तिच्यावर त्या क्षणी सुचलेला सॅक्सोफोन! मठातील दगडी भिंतींचा निनाद हे त्यातले सहावे वाद्य. ‘ऑफिशियम’ नावाची ही तबकडी दहा लाखांहून अधिक खपली. आपल्याशी नाते सांगणारे उदाहरणही आहे. १९८७ सालच्या ‘मेकिंग म्युझिक’ या तबकडीत मुंबईचे झाकिर हुसेन, पंडित हरिप्रसाद चौरसिया, मॅकलॉफ्लिन आणि गार्बारेक असे चौघे ऑस्लोत एकत्र बसले. पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे कोणाच्या जोडीला कोण याचे, हे आयखरचे उत्तर.

दुसरी बाजू

येथवर वाचून निर्माता म्हणजे देवमाणूस, असा समज होऊ नये. आयखरविषयी तक्रार अशी आहे की त्याच्या तबकड्यांत सगळ्यांचाच नाद एकसारखा होतो. तोच निनाद, तोच उत्तरेकडचा थंडावा. गिटारवादक पॅट मेथेनीला स्वतःच्या कामावर अधिक ताबा हवा होता आणि १९८४ नंतर त्याने वेगळी वाट धरली. ज्याचा कान जबरदस्त, त्याच्या कानाखाली दुसऱ्याचा आवाज दबण्याचा धोका असतोच.

याहून गंभीर गोष्ट पैशाची. अमेरिकेत अनेक वर्षे कंपनी गोऱ्याची, निर्माता गोरा आणि वादक कृष्णवर्णीय, असा प्रकार होता. कित्येक वादकांना एकदाच ठरावीक बिदागी मिळाली. तबकडी पुढे कितीही खपली तरी त्यांच्या घरी काही आले नाही. निर्मात्याच्या रसिकतेचे कौतुक करताना हा जमाखर्च विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आपल्याकडेही असे कान होते. ‘शीळ’ हे भावगीत गाऊन महाराष्ट्रात नाव मिळवलेले जी. एन. जोशी पुढे मुंबईत एच्. एम्. व्ही. कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले आणि मोठमोठ्या गवय्यांची मनधरणी करून त्यांनी त्यांची मुद्रणे घडवून आणली. त्या आठवणी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या त्यांच्या पुस्तकात आहेत. आमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. संतूर, बासरी आणि गिटार एकत्र आणून काश्मीरच्या दरीतला एक दिवस रागांच्या प्रहरांतून उलगडणारी १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही त्यांचीच निर्मिती. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांची नावे आपल्याला पाठ असतात. चौथे नाव आपण विसरतो.

मी गप्प का राहिले

आता ते खासगी कारण. माझे आजोळ सातारा जिल्ह्यात. आजीला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. जाते कधीच अंगणात उलटे पडलेले, पण ओव्या तोंडात शाबूत. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ओसरीवर बसून मोबाइलवर तिच्या ओव्या मुद्रित केल्या. सुमारे पाऊण तास ती म्हणत होती. मध्ये खोकली, मध्ये विसरली, एकदा शेळीला हाकलले, दर चार ओव्यांनंतर ‘‘झालं का गं? का अजून म्हणू?’’ असे विचारले.

घरी आल्यावर मी संगणकावर बसून ते सगळे ‘स्वच्छ’ केले. खोकला काढला, शेळी काढली, विसरलेल्या जागा काढल्या, ‘झालं का गं’ काढले. पाऊण तासाची एकोणीस मिनिटे झाली. मला स्वतःचा अभिमान वाटला. मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून मूळ मुद्रण पुसून टाकले.

त्या दिवाळीत आजी गेली. दिवस झाल्यावर आईने ते मुद्रण लावायला सांगितले. दोन-तीन ओव्या ऐकून ती म्हणाली, ‘‘आवाज आईचाच आहे गं. पण ती बोलत कशी नाही कुणाशी?’’ तिने ते बंद केले नाही, शेवटपर्यंत ऐकले. मी मात्र पुढे ऐकू शकले नाही.

मित्राने ‘कापलेले ते नकली’ म्हटले, तेव्हा माझ्या मनात हे होते. आज त्याला उत्तर द्यायचे तर मी असे देईन. कापणे हा दोष नव्हे. मॅसेरोने कापले आणि संगीताला घाट दिला. आयखरने जॅरेटचे गुणगुणणे कापले नाही आणि त्या रात्रीचा माणूस आपल्याला मिळाला. दोघांनीही आधी पुष्कळ वेळ ऐकले, आणि या आवाजात राखण्यासारखे काय आहे ते ओळखले. मग हात चालवला किंवा आवरला. मी ऐकण्याआधीच हात चालवला. आजीच्या ओव्यांत राखण्यासारखे काय होते, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. रेडिओवरच्या गाण्यासारखे ते गुळगुळीत दिसावे एवढीच माझी इच्छा होती. आणि मॅसेरोची मूळ फीत कंपनीच्या कपाटात राहिली होती, म्हणून बत्तीस वर्षांनी ती कोणाला तरी ऐकता आली. माझी राहिली नाही.

असो. या वर्षीपासून आमच्या मराठी विभागाच्या सरांच्या प्रोत्साहनाने आम्ही चौघीजणी आसपासच्या गावांतील वृद्ध स्त्रियांची गाणी मुद्रित करीत आहोत. आमचा एकच नियम आहे. मूळ मुद्रणाच्या दोन प्रती, एक ग्रंथालयात आणि एक विभागात, आणि तिला कोणी हात लावायचा नाही. कापायचे ते तिसऱ्या प्रतीवर. बाई आल्या, बसल्या, पदर सावरला, ‘‘काय म्हणू?’’ म्हणाल्या, तेव्हापासून यंत्र चालू असते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी गाणारी आजी, अभंग म्हणणारे आजोबा असतील, तर त्यांनी या सुट्टीत ते जरूर मुद्रित करून आमच्याकडे द्यावे. खोकल्यासकट द्यावे.